‘फ्लटर शिकू की कोटलिन?’ आधी लॅपटॉपची रॅम सांगा

गणपतीत गावी गेलो की मोदक ताटात पडायच्या आधी हा प्रश्न येतो. (कोटलिन ही अँड्रॉइडची ॲप्स लिहायची भाषा, आणि फ्लटर हे एकाच कोडातून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडची ॲप्स बनवायचं गूगलचं साधन.) २०२३ साली मावसभावाने विचारला, त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या काकूंच्या मुलीने. मी दोघांनाही उलट एकच विचारलं, लॅपटॉपला रॅम किती आहे? दोघांनाही वाटलं की दादा विषय टाळतोय.

मोबाइल ॲप बनवायच्या धंद्यात मी २०११पासून आहे. एवढ्या काळात मी वापरलेली निम्मी साधनं आज अस्तित्वात नाहीत, तरी काम कधी थांबलं नाही. त्यामुळे ‘कोणती भाषा शिकू’ या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत असलं, तरी ते चौथ्या पायरीवर येतं. आधीच्या तीन पायऱ्या गाळल्या की काय होतं ते मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय: सहा महिन्यांत तीन कोर्स विकत घेतलेले, तिन्ही चाळीस टक्क्यांवर थांबलेले.

पायरी १: यंत्र

अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे अँड्रॉइडची ॲप्स बनवायचं गूगलचं सॉफ्टवेअर. त्याला किमान ८ जीबी रॅम लागते आणि सोबत एम्युलेटर (लॅपटॉपच्या पडद्यावरचा नकली फोन) चालवायचा तर १६, हे गूगलच सांगतं. ८ जीबीवर स्टुडिओ, एम्युलेटर आणि क्रोमचे सहा टॅब एकदम उघडा, पंखा गिरणीसारखा घरघरायला लागेल. बिल्ड (कोडाचं चालणारं ॲप बनणं) होईस्तोवर चहा करून, पिऊन, कपही विसळून होतो. नवखा माणूस अशा वेळी समजतो की आपल्यालाच हे जमत नाही, आणि सोडून देतो.

लगेच नवा लॅपटॉप घेऊ नका. रॅमचा स्लॉट रिकामा असेल तर ८ जीबीची पट्टी टाकून घ्या, आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. पातळ लॅपटॉपांत बऱ्याचदा रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, तेव्हा दुकानात जायच्या आधी मॉडेल तपासा. फ्लटर शिकणारे सांगतील की व्हीएस कोड या एडिटरवर काम हलकं होतं. ते खरं, पण अँड्रॉइडचं बिल्ड शेवटी ग्रेडलच करतं आणि रॅम खाणारा तोच आहे.

एम्युलेटर बंद ठेवा, स्वतःचा फोन वापरा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून बिल्ड नंबरवर सात वेळा टकटक केली की डेव्हलपर ऑप्शन्स दिसायला लागतात. बिल्ड नंबर काही फोनांत एखादा मेनू आणखी आत असतो. तिथे यूएसबी डिबगिंग चालू करून केबल लावा. अँड्रॉइड ११पासून वायफायवरूनही जोडता येतं. घरात कोणाचा तरी जुना, स्क्रीनला तडा गेलेला फोन पडलेला असतो. तो मागून घ्या. तुमचं ॲप ज्यांच्या हातात जाणार आहे त्यांच्यातल्या अनेकांकडे तसलाच फोन आहे.

आयफोनचं गणित वेगळं. एक्सकोड, म्हणजे ॲप बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर, फक्त मॅकवर चालतं, आणि आयफोनचं ॲप बनवायचा रास्त रस्ता तोच. वापरलेली मॅक मिनी घेणार असाल तर ॲपलच्या स्वतःच्या चिपची, म्हणजे एम१ किंवा त्यापुढचीच घ्या. इंटेलवाल्या मॅकना चालणारी मॅकओएसची शेवटची आवृत्ती कोणती हे ॲपलने २०२५मध्येच सांगून टाकलंय, आणि ॲप स्टोअर ठरावीक नव्या एक्सकोडने बनवलेलीच ॲप्स स्वीकारतं. स्वस्तात मिळाली म्हणून जुनी मॅक घेतली तर दोन वर्षांत ती शोभेची वस्तू होईल. शिवाय ॲपलच्या डेव्हलपर खात्याला वर्षाला ९९ डॉलर लागतात, गूगल प्लेला आयुष्यात एकदाच २५. मॅक नसेल आणि घेण्याची ऐपतही आज नसेल, तर तुमचा अर्धा निर्णय इथेच झाला. यात कमीपणा काहीच नाही. आपल्याकडे दहातल्या नऊहून अधिक फोनांत अँड्रॉइडच आहे.

पायरी २: मेलेल्या साधनांची यादी वाचा

ही पायरी कोणत्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत.

मी सुरुवात केली ती एक्लिप्स या एडिटरवर, जावा भाषेत. २०१३मध्ये गूगलने अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला, डिसेंबर २०१४ला त्याची १.० आवृत्ती आली आणि २०१५ संपताना एक्लिप्सच्या प्लगइनचा आधार बंद झाला. मला त्रास किती झाला? पंधरा दिवस. शॉर्टकट बदलले, ग्रेडलला शिव्या घालून झाल्या, मग हात बसला. खालची जावा तीच होती, खालचं अँड्रॉइड तेच होतं.

मे २०१७मध्ये गूगलने कोटलिनला अँड्रॉइडची अधिकृत भाषा म्हणून मान्यता दिली आणि २०१९मध्ये ‘इथून पुढे आधी कोटलिन’ असं सांगितलं. त्या बदलाला मला तीन महिने लागले.

आता तिसरा प्रकार. माझ्याहून सीनियर एक जण सिंबियनवर (नोकियाच्या जुन्या फोनांची सिस्टिम) सी प्लस प्लस लिहायचे. सिंबियनचं सी प्लस प्लस म्हणजे गावातल्या गावात चालणारी बोली होती: स्ट्रिंगच्या जागी डिस्क्रिप्टर, एक्सेप्शनच्या जागी ‘लीव्ह’, मेमरी सोडवायला क्लीनअप स्टॅक. त्यात ते वस्ताद होते. फेब्रुवारी २०११मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी केली आणि ती बोली बोलणारं गावच उठलं. ते विंडोज फोनवर गेले. पुढे तेही गाव उठलं. जानेवारी २०२०पर्यंत विंडोज १० मोबाइलचा आधारही संपला. एकाच माणसावर दोनदा ही वेळ आली. त्यांना स्थिर व्हायला प्रत्येक वेळी वर्ष-दोन वर्षं गेली.

म्हणजे एडिटर बदलला तर दिवस जातात, भाषा बदलली तर महिने, आणि प्लॅटफॉर्मच गेला तर वर्षं जातात. नवखे लोक मात्र याच्या बरोबर उलटा वेळ घालवतात. एडिटरची थीम कोणती यावर आठवडा जातो, आणि आपण कोणत्या प्लॅटफॉर्मवर पोट भरणार आहोत हे यूट्यूबच्या एका थंबनेलवरून ठरतं.

यादी आणखी मोठी आहे. फोनगॅप: एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये ॲप बनवायचं साधन, ते बनवणारी कंपनी २०११मध्ये अडोबीने घेतली, मूळ कोड कॉर्डोव्हा या नावाने अपाची संस्थेकडे गेला, आणि १ ऑक्टोबर २०२०ला अडोबीने फोनगॅप बिल्डची सेवा बंद केली. पार्स: ॲपच्या मागचा तयार सर्व्हर, २०१३मध्ये फेसबुकने विकत घेतलं, जानेवारी २०१६मध्ये बंद करतोय म्हणून सांगितलं, वर्षाने खरंच बंद केलं. झामरिन: सी शार्पमध्ये दोन्हीकडची ॲप्स, २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं, १ मे २०२४ला आधार संपला.

या तिघांवर काम करणाऱ्यांचं पुढे काय झालं ते बघा, खरा धडा तिथे आहे. झामरिनवाल्यांच्या हातात सी शार्प होती. काही डॉटनेट माउई या झामरिनच्या वारसदारावर गेले, काहींनी सरळ सर्व्हरचं काम धरलं. फोनगॅपवाल्यांकडे जावास्क्रिप्ट होती, ते वेबमध्ये मुरले. पार्सवाल्यांना वर्षभराची मुदत आणि सर्व्हरचा खुला कोड मिळाला, पण ज्यांनी सर्व्हर म्हणजे काय हे कधी समजूनच घेतलं नव्हतं त्यांच्या ते वर्ष डोक्यावरून गेलं.

पायरी ३: भाषेला दुसरं घर आहे का

वरच्या यादीतूनच ही कसोटी निघते. उद्या मोबाइलचं काम सुटलं, तर ही भाषा घेऊन दुसऱ्या कोणाच्या दारात जाता येईल?

कोटलिन जेटब्रेन्सची. अँड्रॉइड स्टुडिओ ज्याच्यावर उभा आहे तो इंटेलिजे बनवणारी हीच कंपनी. (कोटलिन हे सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका बेटाचं नाव, जावाही बेटच, म्हणून.) १.० आवृत्ती २०१६ची. कोटलिनचं दुसरं घर म्हणजे सर्व्हर: स्प्रिंग या जावाच्या सर्व्हर लिहायच्या साधनात ती चालते, आणि जावावर उभ्या असलेल्या प्रचंड पसाऱ्यात ती बेमालूम मिसळते. शिवाय २०२३च्या नोव्हेंबरपासून कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म स्थिर झालंय, म्हणजे ॲपचा आतला हिशेब एकदा लिहून तो आयफोनवरही नेता येतो.

स्विफ्ट २०१४ची, २०१५मध्ये खुली झाली. तिला दुसरं घर म्हणावं तसं नाही. सर्व्हरवर चालते, पण त्यासाठी माणूस शोधणारा मालक मला तरी भेटलेला नाही. तरीही ती सुरक्षित आहे, कारण तिचं पहिलं घर म्हणजे वाडा आहे. ॲपल स्वतःची ॲप्स तिच्यात लिहितं. तुमची नजर अमेरिकेकडे असेल तर हेही धरा की तिथे निम्म्याहून जास्त फोन आयफोन आहेत.

जावास्क्रिप्ट आणि टाइपस्क्रिप्टला घरंच घरं. त्यांत दोन्हीकडची ॲप्स बनवायचं साधन रिॲक्ट नेटिव्ह २०१५मध्ये फेसबुकने खुलं केलं, आणि ते उद्या गेलं तरी टाइपस्क्रिप्ट येणारा माणूस उपाशी राहत नाही.

फ्लटर ज्या भाषेत लिहितात त्या डार्टची कथा थोडी विचित्र. २०११मध्ये गूगलने ती आणली ती ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टची जागा घ्यायला. ते घर कधी मिळालंच नाही. मग फ्लटर आलं, डिसेंबर २०१८मध्ये त्याची १.० निघाली, आणि डार्टचा संसार लागला. आज डार्ट म्हणजे जवळपास फ्लटरच. फ्लटर वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. छोट्या गिऱ्हाईकाला दोन्हीकडचं ॲप एका माणसाच्या पगारात द्यायचं असेल तर मी स्वतः तेच काढतो. पण जो नवखा फक्त डार्ट आणि फक्त फ्लटर शिकतो तो भाड्याच्या एकाच खोलीत राहतोय, हे त्याला माहीत असावं.

दुसरी कसोटी आणखी सोपी: साधन बनवणारी कंपनी ते स्वतःच्या कमाईच्या ॲपमध्ये वापरते का? जे साधन मालकाच्या स्वयंपाकघरात रोज लागतं त्याची धार तो राखतो.

आणि तिसरी, जी मुलाखतीत मी हमखास विचारतो: हे साधन जिथे तोकडं पडेल तिथे खाली उतरून दुरुस्ती करता येईल का? एअरबीएनबीने दोन वर्षं रिॲक्ट नेटिव्ह वापरून २०१८मध्ये ते सोडलं आणि त्यामागची कारणं सविस्तर जाहीर केली. ती वाचताना माझ्या लक्षात राहिलं ते हे, की दोन प्लॅटफॉर्मांचा एक होईल म्हणून घेतलेल्या साधनामुळे सांभाळायला तीन झाले. सगळ्यांच्याच बाबतीत तसं होत नाही, रिॲक्ट नेटिव्हही तेव्हापासून आतून बरंच बदललंय. पण ‘एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा’ हे ऐकून अँड्रॉइड शिकायचं टाळता येईल असं कोणी सांगत असेल तर त्याला कोर्स विकायचाय.

पायरी ४: आता निवडा

एका ओळीत सांगायचं तर अँड्रॉइड आणि कोटलिन. पहिलं वर्ष फक्त तेच.

अपवाद दोन. रिॲक्टमध्ये वेबसाइट बनवायचं काम आधीच करत असाल तर रिॲक्ट नेटिव्ह घ्या, हातातलं टाकू नका. आणि घरात मॅक असेल, आयफोन असेल आणि मनापासून तीच आवड असेल तर स्विफ्ट. कॉलेजच्या प्रोजेक्टला तीन आठवडे उरलेत म्हणून विचारत असाल तर फ्लटर करा, पण त्याला करिअरचा निर्णय म्हणू नका.

पडद्याची मांडणी जेटपॅक कम्पोजमध्ये शिका. त्याची १.० जुलै २०२१मध्ये आली आणि नवं काम त्यातच होतं. पण जुन्या पद्धतीच्या एक्सएमएल फायली आणि जावाचा कोड वाचता येईल इतपत ओळख ठेवा. फ्रेशरला पहिल्या दिवशी कोरं पान कोणी देत नाही. कोणीतरी आठ वर्षांपूर्वी लिहून सोडून गेलेलं ॲप मिळतं, त्यात जावा असते, एक्सएमएल असतं आणि ‘हे काढू नका, का ते माहीत नाही’ अशी एखादी कॉमेंटही असते.

पायरी ५: पहिले सहा महिने

पहिला दीड-दोन महिना भाषेला द्या. नल सेफ्टी, डेटा क्लास, लॅम्डा, कोरूटिन्सची तोंडओळख. गूगलचा ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कम्पोज’ हा कोर्स फुकट आहे आणि बाजारातल्या पैसे घेणाऱ्या बहुतेक क्लासपेक्षा बरा आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट टाइप करून करा. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पोहण्याचे व्हिडिओ बघतानाही तसंच वाटतं.

तिसऱ्या महिन्यापासून एक ॲप धरा, आणि ते खऱ्या माणसासाठी करा. टू-डू लिस्ट नको. आईच्या भिशीचा हिशेब, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची नोंद, मामाच्या दुकानाची उधारी, काहीही. खरा माणूस असला की तो तुम्हाला कधीच न सुचलेल्या जागी बोट लावतो.

या ॲपमध्ये पुढच्या गोष्टी आल्याच पाहिजेत, कारण साधन कोणतंही असो, या सुटत नाहीत. फोन आडवा केला की अँड्रॉइड तो पडदा पाडून नव्याने उभा करतं. भरलेला फॉर्म तेव्हा टिकतो का? ॲप मागे गेलं, मेमरी कमी पडली आणि सिस्टिमने ते मारलं, तर परत आल्यावर काय दिसतं? (डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करा आणि स्वतःच्या ॲपची फजिती बघा.) नेट मध्येच गेलं तर नोंद कुठे राहते? एसक्यूलाइटमध्ये (फोनमधला डेटाबेस) रचना बदलायची वेळ आली तर जुना डेटा कसा नेणार? परवानगी नाकारली तर? काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी कामं परस्पर बंद करतात, त्यावर काय तोड?

असिंकटास्क नावाची गोष्ट (जड काम पडद्यामागे करवून घ्यायची सोय) मी अनेक वर्षं लिहिली. अँड्रॉइड ११मध्ये तिला निवृत्ती दिली. मध्ये आरएक्सजावा आलं, आता कोरूटिन्स. तिन्हींच्या खाली प्रश्न एकच: पडदा रंगवणाऱ्या थ्रेडला जड काम देऊ नका, आणि काम पूर्ण होईस्तोवर पडदाच बंद झाला तर काय, याचा विचार करा. ज्याला हा प्रश्न कळला होता त्याला तिसऱ्या वेळी आठवडा पुरला. ज्याने नुसती असिंकटास्कची वाक्यरचना पाठ केली होती त्याला प्रत्येक वेळी नव्याने शिकावं लागलं.

गिट (कोडातला प्रत्येक बदल जपून ठेवणारं साधन) पहिल्या दिवसापासून. लॉगकॅट, म्हणजे फोनमध्ये काय घडलं त्याची नोंद, वाचायची सवयही. क्रॅश झाला की लाल अक्षरांत शंभर ओळी येतात. त्यांतल्या ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणाऱ्या शेवटच्या ओळीकडे जा आणि तिच्याखाली तुमच्या पॅकेजचं नाव पहिल्यांदा कुठे दिसतं ते बघा. बहुतेक वेळा चूक तिथेच बसलेली असते.

एआयला विचारायचं का? विचारा, मीही दिवसातून दहा वेळा विचारतो. फक्त एक लक्षात ठेवा: इंटरनेटवर जुना अँड्रॉइड कोड नव्यापेक्षा खूप जास्त पडलाय, त्यामुळे तो कधीकधी आत्मविश्वासाने असिंकटास्कच वाढून देतो. दिलेल्या प्रत्येक ओळीचं ‘का’ सांगता येईपर्यंत ती ओळ तुमची नाही, मुलाखतीत तर नाहीच नाही.

पायरी ६: फोन मराठीत ठेवा

ही पायरी मला महागात पडलेल्या चुकीतून आली आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

एका दूध संकलन केंद्रासाठी आम्ही ॲप केलं होतं. सकाळी सहाला गवळी येतात, लिटर आणि फॅट मोजलं जातं, केंद्रचालक आकडा टाकतो, नोंद सर्व्हरवर जाते. ऑफिसात सगळं चोख चाललं. केंद्रावर पहिल्याच सकाळी सोळातल्या पाच फोनांवरून एकही नोंद पोचली नाही. फोन तेच, नेट तेच, ॲपही तेच. मी दोन दिवस सर्व्हर तपासत बसलो.

फरक होता तो फोनच्या भाषेत. त्या पाच जणांनी फोन मराठीत ठेवला होता. फॅटचा आकडा एका दशांशापर्यंत आणायला मी स्ट्रिंगचं फॉरमॅट वापरलं होतं, आणि भाषा सांगितली नाही तर ते फोनची भाषा धरतं. मराठीसाठी ठरलेले अंक देवनागरी आहेत. त्यामुळे इंग्रजी फोनवरून इंग्रजी अंकांत जाणारा तोच आकडा या फोनांवरून ‘३.८’ असा निघत होता. सर्व्हर होता नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये. त्याला हा आकडाच वाटेना. गंमत अशी की आमच्या टेस्टरने ॲप हिंदी फोनवर तपासलं होतं आणि तिथे चाललं होतं, कारण हिंदीसाठी ठरलेले अंक इंग्रजी आहेत. लिपी एक, अंक वेगळे.

दुरुस्ती एका शब्दाची निघाली: सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक आकड्याला आणि तारखेला फॉरमॅट करताना ‘लोकेल डॉट रूट’ (लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेश, रूट म्हणजे कोणतीच एक भाषा न धरणारं) सांगायचं, आणि माणसाला दाखवायच्या आकड्यालाच फोनची भाषा लागू करायची. त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओने त्या ओळीखाली पहिल्या दिवसापासून पिवळी रेघ ओढून ठेवली होती. लोकेल न सांगणं हे चुकांचं नेहमीचं कारण आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. मी पिवळ्या रेघा वाचत नव्हतो.

हा बग फ्लटरमध्येही होतो, तिथल्या इंटल पॅकेजमधून मराठीत आकडा काढला की. जावास्क्रिप्टमध्ये ‘एमआर-आयएन’ लोकेल देऊन आकडा छापून बघा, तिथेही देवनागरीच येईल. मी साधन बदललं असतं तरी हाच बग नव्या कपड्यांत भेटला असता.

तेव्हा स्वतःचा टेस्टिंगचा फोन मराठीत ठेवा. अक्षरं मोठ्यात मोठी करून बघा, कारण साठीच्या पुढच्या माणसाचा फोन तसाच असतो. ‘सबमिट’ एवढं लिहिलेलं बटण ‘माहिती पाठवा’ झालं की मावतं का, वेलांटीचं डोकं वरून कापलं जातं का, हे बघा.

पायरी ७: ॲप बाजारात न्या

पूर्ण झालेलं एक छोटं ॲप प्ले स्टोअरवर असणं हे पाच सर्टिफिकेटांपेक्षा जड. कारण ते तिथे ठेवायला आणि टिकवायला ज्या खस्ता खाव्या लागतात त्या कोणत्याही कोर्समध्ये नसतात.

पहिली खस्ता म्हणजे सही करायची किल्ली. २०१३मध्ये मी लॅपटॉप फॉरमॅट केला, आणि एका ॲपची कीस्टोअर फाइल त्यातच गेली. त्या काळी किल्ली गेली की ॲप अपडेट करायचा मार्गच संपायचा. नव्या पॅकेज नावाने दुसरं ॲप टाकून जुन्या गिऱ्हाइकांना ‘हे काढा, ते घ्या’ अशी विनवणी करावी लागली. ऑगस्ट २०२१पासून नव्या ॲपना ॲप बंडल (प्ले स्टोअरवर चढवायच्या फाइलचा नवा प्रकार) सक्तीचं झालं, मूळ सहीची किल्ली गूगलकडे राहते, आणि तुमची अपलोड किल्ली हरवली तर बदलून मिळते. तरी ती दोन ठिकाणी जपून ठेवा, आणि गिटमध्ये चुकूनही टाकू नका.

दुसरी खस्ता दर वर्षीची. ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीला धरून बनवलंय याची किमान पातळी गूगल दर वर्षी वाढवतं. ३१ ऑगस्ट २०२५ला नव्या ॲपसाठी आणि अपडेटसाठी ती अँड्रॉइड १५वर गेली. एकदा ॲप टाकून विसरून जाता येत नाही. मी उन्हाळ्यातच वेळ काढून ठेवतो: मेमध्ये गूगलचं आणि जूनमध्ये ॲपलचं वार्षिक संमेलन होतं, त्यानंतर नव्या गोष्टींची यादी सोडून ‘काय काढलं’ ती यादी आधी वाचतो. लायब्रऱ्या (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) जितक्या कमी, तितकी ही यादी कमी बोचते. कुठलीही लायब्ररी घेताना तिचं शेवटचं अपडेट कधीचं आणि ती किती जण सांभाळतात एवढं बघितलं तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

तिसरी खस्ता नवख्यांना सगळ्यात जास्त अडवते. १३ नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी बंद चाचणी घ्यावी लागते: किमान १२ माणसं, सलग १४ दिवस. सुरुवातीला हा आकडा २० होता, डिसेंबर २०२४मध्ये तो कमी केला. पैसे घेऊन टेस्टर पुरवणारे मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. कोड लिहायला घ्याल त्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर बारा नावं लिहायला सुरुवात करा. प्रत्येकाचा फोन अँड्रॉइड आहे ना, त्याला स्वतःचा जीमेल पत्ता आठवतो ना, हे आधी विचारा. दुसऱ्या प्रश्नावर निम्मे गळतात.

मावसभावाने शेवटी कोटलिन घेतलं. त्याआधी ८ जीबीची पट्टी टाकली. भजनी मंडळाच्या हजेरीचं आणि वर्गणीचं ॲप त्याने केलं, आणि २०२५च्या गणपतीत चाचणीसाठी तो माणसं गोळा करत घरभर फिरत होता. अकरा जमली. पुण्याच्या काकांनी मोठ्या उत्साहाने फोन पुढे केला तो आयफोन निघाला. आजीला जीमेल आठवेना. आरती आटोपल्यावर गुरुजी दक्षिणा मोजत बसले होते. हा ओशाळून जवळ गेला आणि विचारलं. गुरुजींनी ताम्हन बाजूला सरकवलं, उपरण्याला हात पुसला, चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “लिंक कुठंय? आणि पंचांगाचं ॲप करशील तर तिथी सूर्योदयापासून धर बाबा, बाकीच्यांची चुकते.”